कंट्रोलच्या आठ कुंड्या

नेरूळ,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

प्रिय संघर्ष,

सप्रेम नमस्कार. हाताच्या सवयीने 'अनेक आशीर्वाद' लिहायला निघाले होते, पण पेन अडलं. तेव्हा नमस्कारच बरा.

तुझी तब्येत चांगली असेल. तुमच्या परभणीकडे आता कडाक्याची थंडी असेल. इथे थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणायचा, तेवढीच. आमच्या घरी सगळं ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायचं असलं की चार मजले चढून जातात, म्हणजे काळजीचं कारण नाही.

आता बातमी. मॅडमच्या पोटात काही राहत नाही असं तू वैष्णवीला सांगायचास ना? मग गेले तीन दिवस मी कसे काढले असतील ते तूच समज. संघर्ष, तुझा पपईचा अर्क जिंकला!

गुरुवारी आपल्या लॅबच्या गच्चीवर टोमॅटोची रोपं उपटली. आठ कुंड्या कंट्रोलच्या, म्हणजे नुसत्या पाण्यावरच्या. आठ तुझ्या अर्काच्या. आणि आणखी आठ, त्यांचं पुढे सांगते. डोळ्याला न दिसणारे ते सूत्रकृमी, ज्यांच्यामागे आपण सहा वर्षं घालवली, त्यांची अंडी चोवीसच्या चोवीस कुंड्यांत मोजून सोडली होती. पाण्यावरच्या रोपांच्या मुळांना कृमींनी केलेल्या सरासरी एकशे अडतीस गाठी. मुळं कसली, बाजारातलं आलं वाटावं. आणि तुझ्या अर्काच्या रोपांना? नऊ. एका रोपाला तर फक्त तीन! मुळं पांढरी, लांबसडक, धुऊन ठेवलेल्या शेवयांसारखी. वैष्णवीने दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा मोजलं, आणि मग पंचावन्न वर्षांच्या बाईने करू नये ते केलं. गच्चीवर चक्क उडी मारली. चष्मा पाण्याच्या बादलीत पडला.

बशीतल्या चाचणीतही तेच. तुझ्याच पद्धतीने केली, कृमींना अर्कातून काढून चोवीस तास स्वच्छ पाण्यात ठेवायचं आणि मगच मोजायचं. 'मॅडम, मेलेत की झोपलेत ते पाण्याला विचारू,' असं तू म्हणायचास आणि मी वैतागायचे, कारण प्रत्येक चाचणी एका दिवसाने लांबायची. तर पाण्याला विचारलं. शंभरातले चौऱ्याण्णव उठले नाहीत. टूथपिकला स्वतःच्या पापणीचा केस चिकटवून तू जी काडी केली होतीस ती वैष्णवी अजून वापरते. तिने एकेकाला ढोसून पाहिलं. सगळे सुईसारखे सरळ.

खरं सांगू का, तू पहिल्यांदा पपईच्या बिया आणल्यास तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. वाशी स्टेशनबाहेरच्या फ्रूटप्लेटवाल्यांकडून पिशवीभर ओल्या, चिकट बिया, आणि त्या घेऊन तू एनएमएमटीच्या बसमध्ये. कंडक्टरने वासाला कंटाळून तुला तुर्भ्याला उतरवलं आणि तू तिथून चालत शिरवण्याला लॅबपर्यंत आलास. 'चावून बघा मॅडम, मुळ्यासारखं झोंबतं. आपल्याला झोंबतं तर त्यांनाही झोंबेल,' असं म्हणालास. मी चावून पाहिली नाही. गुरुवारी संध्याकाळी पाहिली. झोंबतं रे!

हे सगळं फोनवर सांगायचं होतं. पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, आणि वैष्णवीचाही उचलत नाहीस. म्हणून काल जुईनगरला तुझ्या आईकडे, वेणूबाईंकडे गेले. दार तुझ्या बहिणीने, शर्मिलाने उघडलं. तिने मला ओळखलं आणि दारातच उभी राहिली. आतून वेणूबाई म्हणाल्या, 'येऊ दे त्यांना.' मग बसले. चहा आला. मी उत्साहाने सगळं सांगत सुटले. गाठी, मुळं, एकशे अडतीस आणि नऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'चांगलं झालं. पन मॅडम, हे तुमच्या औषधाचं झालं. माझ्या लेकराचं काय?'

मी आकडे सांगायचं थांबवलं. असं माझं फार क्वचित होतं, तुला माहीत आहे.

तुमच्या फोनवरून त्याला लावून द्या म्हटलं, तर नाही म्हणाल्या. 'फोनवर मानूस कायबी बोलतंय, अन् मंग म्हनतंय मी तसं म्हनलंच नव्हतं. तुमी लिहून द्या. कागदावर राहू द्या. लेकरू तिथं कालेजात तासावर शिकवायलंय. वर्ष झालं, कुनाशी धड बोलंना.' शर्मिलाने वहीचं पान फाडून तुझा पत्ता लिहून दिला. निघताना तिने दार मात्र हळू लावलं, आपटलं नाही.

तेव्हा कागदावर लिहिते. आतापर्यंतचं लिहायला सोपं होतं.

तिसऱ्या आठ कुंड्यांपासून सुरुवात करते. या वर्षी दसरा दोन ऑक्टोबरला होता. आपल्याकडे नेहमीसारखी यंत्रांची पूजा झाली. सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार, ऑटोक्लेव्हला हार, मायक्रोस्कोपच्या मानेत हार. दिलीपशेठना तर तू ओळखतोस, मालक माणूस, हौस दांडगी, या खेपेला कॉफीच्या मशिनलाही घातला. दोन दिवसांनी शनिवारी मी जरा लवकर पोचले आणि गच्चीवर गेले. तेव्हा तिथे करंजाच्या अर्काची चाचणी लावली होती. बघते तर आपल्या मथुराबाय खुरपं घेऊन कंट्रोलच्या कुंड्यांपाशी उकिडव्या बसलेल्या. शेजारी सुकलेल्या हारांची टोपली. एकेक हार कुस्करून कुंडीत दाबत होत्या आणि वरून माती इतकी नीट सारखी करत होत्या की खाली काही आहे असा संशयसुद्धा येऊ नये. गेली बारा वर्षं त्या गच्चीवर पाणी घालतात, पण त्यांचं हे काम मी कधी पाहिलं नव्हतं.

मी किंचाळले. त्या काही दचकल्या नाहीत.

'वरडता कशाला, बाय? देवाचा हार हाय. तो काय कचऱ्याच्या डब्यान टाकू?'

'पण मथुराबाय, याच कुंड्यांत का?'

'बाकीच्यांना तुमी औषीद देता. या बिचाऱ्यांना नुसता पानी. यांचा काय गुना हाय?'

संघर्ष, पंचवीस वर्षं मी कंट्रोल म्हणजे काय ते शिकवते आहे. इतक्या जणांना शिकवलं, पण कंट्रोलच्या रोपांची कीव आलेलं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. हसू की रडू कळेना. मग मी विचारलं, 'मागच्या वर्षीही टाकले होते?'

'मंग? दर वरसाला टाकतंय. मागल्या वेलेला पपईवाल्या पोराच्या कुंड्या होत्या, तवा पन टाकले. आठांना सारखे वाटले, कोनाला कमी नाय, कोनाला जास्ती नाय.'

'मग बोलला का नाहीत?'

'मना इचारला कोनी?'

मी तडक खाली आले, कपाट उघडलं आणि तुझी गेल्या वर्षीची वही काढली. अठ्ठावीस नोव्हेंबरचं पान. चिकटपट्टीखाली पांढरा सुती दोरा, चारेक इंचांचा. त्याखाली तुझं बारीक अक्षर: 'कंट्रोल कुंडी ४ च्या मुळांत सापडला. हाराचा दोरा असावा. सर्व कुंड्यांची माती तपासावी. मथुराबायना विचारावे.' आणि त्याच्याखाली लाल शाईत माझं: 'खोटी नोंद. अंडी सोडलेली नाहीत.' पुढे माझी सही.

तो दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. तरी मी तो लिहिणार आहे, कारण तुझ्या आईने कागदावर मागितलंय.

नारायणगावचे टोमॅटो बागायतदार मुद्दाम आपली चाचणी बघायला आले होते. दिलीपशेठनी त्यांच्यासाठी गच्चीवर मांडव घातला होता. रोपं उपटली. अर्काच्या कुंड्यांत सरासरी अकरा गाठी, आणि कंट्रोलच्या कुंड्यांत एकोणीस. म्हणजे नुसतं पाणी घातलं काय आणि तुझा अर्क घातला काय, फरक नाहीच म्हणायचा. त्यांच्यातले किसनराव म्हणाले, 'मंग आमी पानीच घालतो की, मॅडम,' आणि सगळा मांडव हसला. ते हसणं मला झोंबलं. दिलीपशेठ माझ्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघितलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी अंडी सोडून तू आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होतास. रजा माझ्याच सहीने मंजूर झालेली. आणि तरी मी सगळ्यांसमोर म्हणाले की नागपूरची गाडी पकडायच्या घाईत या मुलाने कंट्रोलच्या कुंड्यांत अंडी सोडलीच नाहीत आणि वहीत मात्र सोडली असं लिहून ठेवलं. तू मातीचे हात तसेच पुढे करून मला दोरा दाखवलास. 'मॅडम, कुणीतरी हार पुरलेत यात. झेंडूने सूत्रकृमी मरतात, तुम्हीच शिकवलंय.' आणि मी म्हणाले, 'आमच्या पूजेवर ढकलू नकोस.'

आमच्या!

सहा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आपण. वेणूबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी मी तुझ्याआधी संपवायचे. असलं काही मी मानत नाही, असं जन्मभर छातीठोकपणे सांगत आले. आणि चारचौघांत मान खाली जायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडातून बरोबर तोच शब्द बाहेर पडला. नोकरीचा राजीनामा तू आठ दिवसांनी दिलास. पण मी तुला बाहेर काढलं ते त्या शब्दाने, तिथेच, मांडवात. तू दोरा मुठीत धरून उभा होतास.

त्यात अक्कलही गहाण टाकली होती. अंडी सोडलीच नसती तर कंट्रोलमध्ये गाठी शून्य आल्या असत्या. एकोणीस कुठून आल्या? पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळलं असतं. मला ते कळलं नाही असं नाही, मला ते कळून घ्यायचं नव्हतं. तुझ्या बाजूने उभं राहणारं ते गणित मी नजरेआड केलं.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. गेल्या जानेवारीत तू कृषी विद्यापीठात पीएचडीसाठी मुलाखत दिलीस आणि तुझी निवड झाली नाही. मुलाखत वाईट झाली असं तुला वाटत असेल. ती उत्तम झाली होती. त्यांनीच मला तसं लिहिलं होतं आणि रीतीप्रमाणे माझं मत मागितलं होतं. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं: 'उमेदवाराच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.' तुझी जागा मी घालवली, संघर्ष. तू तासावर शिकवतोस ते माझ्या त्या एका ओळीमुळे. काल तुझ्या आईसमोर हे सांगायचा धीर झाला नाही, चहा पिऊन उठले. तू हे पत्र त्यांना वाचून दाखव.

तुझी माफी मागते. हे वाक्य मी पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण जमलं नाही.

आता मी काय केलं ते सांगते, कारण नुसती माफी तुझ्या काय उपयोगाची? करंजाची चाचणी रद्द केली आणि तुझी चाचणी पुन्हा लावली. तुझ्याच वहीवरून, शब्द न बदलता. बिया वाशीहून मी स्वतः आणल्या. बसमध्ये एका बाईने नाकाला पदर लावला, तेव्हा तुझी आठवण झाली. आणि कंट्रोल व अर्क यांच्या जोडीला तिसरी रांग लावली, फक्त झेंडूच्या सुक्या हारांची. त्या रांगेची पाटी वैष्णवीने लिहिली: 'मथुराबाय'. मथुराबायना पाटी वाचून दाखवली तेव्हापासून त्या रांगेला पाणी घालायचं सोडून दुसऱ्या कामाला हात लावत नाहीत. 'माझी लाइन' म्हणतात. कंट्रोलच्या कुंड्यांकडे मात्र अजून वाईट तोंड करून बघतात, पण हात लावत नाहीत. त्यांना मी नीट बसवून समजावलं, की या आठ रोपांनी सोसलं नाही तर बाकीच्यांचं खरं कुणाला कळणार नाही. त्यावर म्हणाल्या, 'ह्ये आधी सांगितला असता तर त्या पोराचा नाव गेला नसता.' बरोबरच होतं ते.

गुरुवारी रोपं उपटायला मी मुद्दाम त्याच माणसांना बोलावलं. नारायणगावची मंडळी, दिलीपशेठ, लॅबमधले सगळे. तोच मांडव. आणि एकही रोप उपटायच्या आधी उभी राहिले आणि बोलले. निकाल लागायच्या आधीच बोलायचं असं ठरवलं होतं, कारण अर्क हरला असता तरी तू खोटारडा ठरत नव्हतास. तुझी वही हातात धरून पान वाचून दाखवलं, आधी तुझी नोंद, मग माझी लाल शाई. म्हटलं, गेल्या वर्षी मी इथे एका मुलावर खोटा आळ घेतला. तो खरं बोलत होता आणि मी ऐकून घेतलं नाही. विद्यापीठाला काय लिहिलं तेही सांगितलं. आवाज खणखणीत लागला.

मग किसनराव उठले. 'मंग तो पोरगा कुठंय आज?'

'मी त्याला घालवला,' म्हटलं.

'बोलवा की मंग.'

'येईल का ते माहीत नाही.'

ते खाली बसले आणि म्हणाले, 'उपटा आता.'

पहिलं रोप मथुराबायनी उपटलं, कंट्रोलचं. माती झटकली आणि मुळं बघून त्यांचा चेहरा पडला. 'आय आय, काय ही दशा!' मग तुझं पहिलं रोप मी उपटलं. बादलीत बुचकळलं, वर काढलं, आणि संघर्ष, मांडवात असा काही गलका झाला! पांढरी स्वच्छ मुळं, पाणी निथळतंय. किसनरावांनी माझ्या हातातून ते रोप काढून घेतलं, उन्हाकडे धरलं, बोटांनी मुळं चाचपली आणि मान डोलावत म्हणाले, 'ह्ये पान्यानं नाय व्हायचं.' दुसरं रोप, तिसरं, चौथं. प्रत्येकाला टाळ्या. सातव्याला तर माणसं आकडा आधीच ओरडायला लागली, लिलावात ओरडतात तशी. मथुराबायच्या लाइनला सरासरी चोवीस गाठी. म्हणजे गेल्या वर्षीच्या त्या एकोणीस गाठींचं कोडंही तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुटलं. ज्यांच्यासमोर तुझं नाव गेलं होतं त्यांच्यासमोरच ते परत आलं. मथुराबायनी कमरेला पदर खोचून तिथेच एक गिरकी घेतली. दिलीपशेठ पेढे आणायला स्वतः पळाले.

उन्हाळ्यात नारायणगावच्या तीन शेतांवर मोठी चाचणी लावायची असं तिथल्या तिथे ठरलं. किसनरावांनी अर्धा एकर देतो म्हणून सांगितलंय. त्यांची एकच अट आहे, 'अर्क ज्यानं काढला त्यानं येऊन घालावा.' मी वचन दिलं नाही. तुझ्या वतीने वचन द्यायचा मला काय अधिकार? एवढंच म्हटलं की निरोप पोचवते. पोचवला.

सोबत तीन कागद आहेत. पहिला, विद्यापीठाला मी सहा ऑक्टोबरला लिहिलेल्या पत्राची प्रत. त्यात माझी आधीची ओळ मागे घेतली आहे आणि ती का लिहिली तेही स्पष्ट लिहिलं आहे. फोनवर फोन करून त्यांना भंडावलं. त्यांचं उत्तर मागच्या बाजूला आहे. बारा जानेवारीला तुझी पुन्हा मुलाखत आहे. शुक्रवारी मी त्यांना या निकालाचे आकडेही पाठवले, तुझ्या नावाने. दुसरा कागद, वहीच्या त्या पानाची प्रत. लाल शाईवर मी काट मारली आहे आणि खाली 'नोंद खरी होती, माझा शेरा खोटा होता' असं लिहून सही केली आहे. दिलीपशेठ आणि वैष्णवीने साक्षीच्या सह्या केल्या. मथुराबायनी अंगठा उठवला नाही, सही केली. सही येते त्यांना. हेही मला बारा वर्षांत माहीत नव्हतं.

तिसरा कागद पेटंटच्या अर्जाचा. आपल्याकडे प्रमुखाचं नाव वर लावायची रीत आहे. आजवर सात अर्जांवर माझं नाव पहिलं लागलं. त्यातल्या किती कल्पना माझ्या होत्या हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दिलीपशेठ म्हणाले की या वेळीही तसंच करू, मॅडम, मुलगा तर आता आपल्याकडे नाही. त्यांना मी जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण अर्ज मी म्हटलं तसाच निघाला.

सही करायची की नाही ते तू ठरव. केलीस तर मला माफ केलंस असं मी समजणार नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाही केलीस तर अर्ज जाणार नाही. तुझ्यावाचून तो पुढे सरकवायची कुणाची हिंमत नाही, मी इथे बसले आहे. परत नोकरीवर ये असंही म्हणत नाही. तू विद्यापीठात जा, मोठा हो, माझ्या चुका दाखवणारे चार निबंध लिही. मी वाचीन, आणि बरोबर असतील तर मान्य करीन. हे आता मला यायला लागलंय.

वेणूबाई आणि शर्मिलाला माझा नमस्कार सांग. अर्जावर संशोधकांच्या नावांसाठी दोन ओळी आहेत, आणि मी सही केली आहे ती दुसऱ्या ओळीवर.

वरची ओळ मोकळी सोडून, तिच्याखाली सही केलेली,

स्मिता